डोलकाठी चार बोटं मागे

युसूफ, तू जिंकलास.

घे. इतकी वर्षं हे वाक्य तुला माझ्या नरड्यातून काढता आलं नाही, ते मी आपण होऊन लिहून दिलं. आता ते वखारीच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवणं तुला जमणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा. परवाच्या रविवारी धरणावर सात जोडनावा सुटल्या. सातही एकाच फर्म्यातून निघालेल्या, आणि सातही उभ्याच्या उभ्या परत आल्या. या काठापासून त्या काठापर्यंत शिडंच शिडं. माणसं एवढी लोटली की भेळवाल्याची भेळ शर्यत सुटायच्या आधीच संपली. हे बघायला तू पाहिजे होतास, असं जो तो म्हणत होता. मी म्हटलं नाही. तू असतास तर बघत थोडाच बसला असतास? पाण्यात असतास, आणि तिथून मला शिव्या घालत असतास.

तुझ्या जनाज्याला मी खांदा दिला, ते तुला कळलंच असेल, कारण तेवढा वेळ तू माझ्या बाजूला कललेला होतास. माझं नाव वामन, आणि आईबापांनी ते उंची बघूनच ठेवलं असं तू म्हणायचास. माझ्या जोडीला आला तुझा पोरगा आरिफ, तुझ्यासारखाच ताडमाड. दफनभूमीकडचा चढ लागला तसा मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "वामनराव, तुमी जरा बाजूला व्हा, दुसऱ्याला येऊ द्या." आणि मला, त्या वेळी, हसू आलं. कारण तुझा आवाज कानाशी आला, "बगितलंस? खांदं एका मापाचं नसलं की असं व्हतं." मग त्याच हसण्यातून रडूही आलं. बाजूच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मी नुसता रडतोय.

आपल्या दोघांना होडीचं वेड लागावं असं काही नव्हतं रे. माझ्या घराण्याचा पाण्याशी संबंध गुडघ्यापर्यंतचा. कडावची भातशेती, पाणी म्हणजे लावणीचा चिखल. त्याहून खोल पाणी आम्ही विहिरीत बघितलेलं, तेही वरून. तुझे आजोबा म्हणे समुद्रावर गलबतं हाकायचे, पण तू जन्मलास कर्जतच्या वखारीत, लाकडाच्या भुशात. तुला पोहायला शिकवलं ते उल्हास नदीत डुंबणाऱ्या म्हशींनी. मी मोहोपाड्याच्या कारखान्यात नकाशे काढायचो. कुठला पाइप कुठून कुठे जातो एवढंच. म्हणजे एकाकडे लाकूड, एकाकडे कागद, आणि दोघांकडे नको तेवढी खाज.

ती जागवली नाडकर्णी साहेबांनी. कॉलनीतले बडे साहेब. परदेशी जाऊन आले आणि येताना डोक्यात दोन पोटांची होडी घेऊन आले. मुंबईहून बांधून घेतली, ट्रकवर टाकून खालापूरकडच्या आपल्या धरणावर आणली. त्या दिवशी बांधावर आपण दोघं शेजारी शेजारी उभे होतो, आठवतं? दोन लांबट, सडपातळ पोटं, त्यांना जोडणारी आडवी फळी, मध्ये ताणलेलं कापड, आणि वर ही उंच डोलकाठी. साहेब म्हणाले, "याला कॅटमरान म्हणतात." तू म्हणालास, "आरं, ही तर बैलजोडी! हे दोन बैल, हे जू, आन् मधी सायब बसल्यात औत हाकायला." झालं. तेव्हापासून अख्ख्या तालुक्यात होडीच्या पोटांना बैल आणि आडव्या फळीला जू. साहेबसुद्धा पुढे "माझा डावा बैल गळतोय" असं इंग्रजी सुरात म्हणायला लागले.

वारा लागला आणि ती होडी पाण्यावरून अशी सरकली, की आपण दोघंही गप्प झालो. आपल्या दोस्तीत हे क्वचितच घडलेलं.

साहेबांनी शर्यत जाहीर केली आणि नियमांचा एक कागद कारखान्यात लावला. लांबी एवढी, रुंदी एवढी, शीड एवढं. याच्या आत ज्याला जशी हवी तशी होडी बांधा. याला साहेब फॉर्म्युला म्हणायचे. मी तो कागद उभ्या उभ्या इतक्या वेळा वाचला, की शिपायाला वाटलं माझी बदली झाली. जन्मभर लोकांनी मला सांगितलं होतं, पाइप इथून इथे ने. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, ही चौकट, आत तुझं राज्य. मी तसाच सायकल दामटत तुझ्या वखारीत आलो. तू कागद ऐकलास आणि कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलंस.

"हे काय खरं नाय, वामन्या."

"का?"

"शर्यत होडीची की मानसाची? एक फर्मा काप. त्याच फर्म्यावर सगळ्यांच्या होड्या काप. मग सोड पान्यात. मग कळंल कोन काय हाय ते."

"म्हणजे रोज सगळ्यांच्या घरी एकच कालवण?"

"कालवनाची शर्यत लावलीस तर सगळ्यांना एकच मटन द्याया लागंल. एकाला बोकड आन् एकाला वांगं दिलंस, तर शर्यत कसली?"

"तू वखारवाला. सगळ्यांना एकच फळी विकायची सोय बघतोस."

"आन् तू कागदवाला. कागदावर पानी नसतं, म्हनून तिथं तुजी होडी बुडत नाय."

त्या दिवसापासून धरणावर दोन पक्ष पडले. मापवाले आणि फर्मेवाले. मापवाल्यांचा पुढारी मी, फर्मेवाल्यांचा तू. चहा कुणी पाजायचा, इथपर्यंत ते भांडण गेलं.

माझ्या पहिल्या होडीचा विषय काढल्याशिवाय तुझा आत्मा शांत होणार नाही, म्हणून काढतो. साहेबांच्या कागदात वजनाचा उल्लेख नव्हता. मी फळ्यांना फाटा दिला. बांबूच्या कामट्यांचे दोन बैल विणले, वर मांजरपाट ताणलं, आणि पाणी शिरू नये म्हणून डांबर फासलं. होडी इतकी हलकी की दोघांनी उचलून डोक्यावर घ्यावी. डांबर थोडं उरलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून मी बसायच्या जागेवरही दोन हात मारले.

शर्यत होळीनंतरची, भर दुपारची.

जोडनाव चालवणाऱ्याला बूड स्थिर ठेवून चालत नाही. वाऱ्याची बाजू बदलली की आपण उठून दुसऱ्या बैलावर जायचं, नाहीतर होडी कलते. हे मला नकाशावर पाठ होतं. सुटलो तो असा सुटलो की साहेबांची होडी मागे पडली, तुझी मागे पडली. पाण्यावर नारिंगी पिंप ठेवलं होतं, तिथून वळायचं. वळायची वेळ आली, उठायला गेलो, तर उठवेना. डांबर उन्हाने पातळ झालं होतं आणि माझी पॅंट त्यात रुतली होती. जगातली सगळ्यांत वेगवान जोडनाव माझ्याकडे होती, पण ती एकाच बाजूला जात होती. पिंप गेलं. काठ आला. त्या काठाला ठाकरवाडीच्या म्हशी बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन मी थांबलो. एका म्हशीने माझ्याकडे जे बघितलं, तसं पुढे फक्त आमच्या मॅनेजरने बघितलं.

थोड्या वेळाने तू आलास.

"पॅंट सोड."

"लोक बघतायत, युसूफ."

"लोकं मगाधरनं बगतायत. म्हनूनच म्हनतो, सोड."

डोक्याला बांधलेला तुझा पंचा मला गुंडाळून तू मला आपल्या होडीतून परत आणलंस. पॅंट तिथेच राहिली, बसल्यासारखी. पुढच्या वर्षापासून शर्यत होळीनंतर न घेता भाताची झोडणी उरकल्यावर, थंडीत घ्यायची असं ठरलं. कारण म्हणून पाण्याची पातळी सांगितली गेली. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही दुसऱ्याकडून. मी म्हशींत शिरलो तेव्हा तू पुढे होतास. साहेबांच्याही पुढे. पिंपाला वळसा घालून सरळ घरी यायचं सोडून तू माझ्याकडे वळलास आणि शेवटचा आलास. माझी पॅंट वर्षभर चघळलीस, पण हे एकदाही काढलं नाहीस. आता विचारतो, का नाही काढलंस? माझ्या हातात असतं तर मी तेच पहिलं काढलं असतं.

पुढची काही वर्षं माझीच. दर साली नवी शक्कल. बैल अरुंद केले, शीड उंच केलं, सुकाणू दोन केली. साहेबांनी बाहेरून शीड मागवलं, की मी त्यांच्यावर कडी करायचो. चढाओढ अशी रंगली की मागे कोण राहतंय, हे बघायला मान वळवलीच नाही. साजगावच्या कारखान्यातल्या पोरांनी वर्गणी काढून एक होडी बांधली होती. पांडू त्यांचा म्होरक्या, रात्रपाळी करून सकाळी धरणावर हजर. एका वर्षी तो नुसताच येऊन काठावर बसला. मी विचारलं, "होडी कुठाय?" तो म्हणाला, "ती गेल्या सालची हाय, दादा. हितं गेल्या सालची म्हंजी म्हातारी." त्याच्यामागोमाग बाकीचेही गेले. मग साहेबांची बदली झाली. मग उरलो तू आणि मी. दोन होड्यांची शर्यत, आणि काठावर बघायला एक शेळी.

त्या दिवशी तू होडी ओढून घेताना बोललास. चेष्टा नव्हती आवाजात.

"तुज्या डोक्याला धावाया जागा पायजे, म्हनून बाकीच्यांची जागा गेली, वामन्या. मला एकदा हे धरन शिडांनी भरलेलं बगायचंय. ह्या काठापास्नं त्या काठापर्यंत. पुडं कोन आन् मागं कोन, त्याचं मला काय नाय."

मी काय म्हटलं? "तू हरतोस म्हणून असं बोलतोस." इतकं सरळ वाक्य समोर आलं की मी नेहमी असा वाकड्यात शिरायचो.

"हां?" तू म्हणालास. "मग होड्या बदलू. माज्या होडीत तू, तुज्या होडीत मी. बगू काय ते."

ही कल्पना ऐकताना चोख वाटली. पाण्यात उतरल्यावर तिच्यातली गोम कळली. तुझ्या साध्या होडीतून मी जिंकलो, तर होडीपेक्षा माणूस मोठा, म्हणजे तुझंच खरं. माझ्या शक्कलबाज होडीतून तू जिंकलास, तर होडीच मोठी, म्हणजे माझं खरं. आपलं म्हणणं खरं करायचं तर प्रत्येकाला हरणं भाग होतं. हे मला पाण्यात उतरल्याबरोबर समजलं. तुलाही समजलंय हे कळलं, कारण तू शीड उलट्या बाजूला बांधत होतास.

असली शर्यत कुठे झाली नसेल. मी पाय पाण्यात सोडून ब्रेक लावत होतो. तू सुकाणू दुरुस्त करायचं निमित्त काढून गोल गोल फिरत होतास. मी घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकत थांबलो. तू थेट नमाजाची वेळ झाली म्हणालास. वेळ झाली नव्हती, हे मलाही कळत होतं. काठावर रुकय्या वहिनी भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटलं वारा पडलाय. मग पाण्यावरच्या लाटा बघितल्या आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"आवो, कुनीतरी ढकला रं ह्या दोगांना!"

मग म्हणाल्या, "भाकऱ्या गार झाल्या. मी चालले घरी." आणि खरंच पाटी उचलली.

तेव्हा तू शीड ताणलंस. माझी होडी तुझ्याखाली उसळली. इथे मला माझ्या एका शक्कलेचं सांगायला हवं, कारण पुढे सगळं तिच्यावर आहे. मी डोलकाठी जुवावर जिथे असते तिथून चार बोटं मागे रोवली होती आणि थोडी मागे झुकवली होती. जोराचा वारा आला की जोडनावेचे बैल पाण्यात नाक खुपसतात, आणि होडी कोलांटी खाते. डोलकाठी मागे घेतली की नाकं वर राहतात. त्या दिवशी घाटाकडून एक झोत असा आला की माझ्या हाताखालचे तुझे बैल लगेच नाक खुपसायला लागले. आणि तू? तू जुवावर उभा राहिलास. नाकं वर काढून ती होडी धावत होती आणि तू आरडत होतास, शब्द नव्हते, नुसता आवाज. दुनियेत तुझ्याएवढा खूश माणूस नसेल त्या घडीला.

काठावर पोचलास आणि तोंड पुसलंस. "काय खास नाय."

"युसूफ, तू जिंकलास. म्हणजे माझी होडी..."

"मी भुकेनं जिंकलो," तू म्हणालास. "होडीनं नाय."

(म्हणजे हे वाक्य मी एकदा उच्चारलं होतं तर. पण ते स्वतःच्या फायद्यासाठी. ते धरायचं नाही.)

त्या दुपारी भाकरी खाता खाता मी म्हटलं, करा तुमचा फर्मा. का म्हटलं, ते तू विचारलं नाहीस. तुझी ती ठोकळा होडी चालवताना मला पहिल्यांदाच हिच्यात काय बदलू असा विचार पडला नव्हता. नुसतं पाणी दिसलं होतं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर ते तू कडावच्या देवळाच्या भोंग्यावरून ऐकवलं असतंस, म्हणून राहिलं.

फर्म्याचा नकाशा मीच काढला. आणि डोलकाठी चार बोटं मागे दाखवली. तू पेन्सिलीने काट मारलीस.

"डोलकाठी हाय तिथंच."

"नाक खुपसेल."

"खुपसू दे. सगळ्यांचं खुपसंल. त्यालाच एकसारखं म्हनतात."

पुढे कितीतरी वर्षं आपण त्या चार बोटांवर भांडलो. फळ्या तुझ्या वखारीत कापल्या जायच्या, लोक आपापल्या हाताने ठोकून घ्यायचे. पहिल्यांदा पांडू परतला. मग मोहोपाड्याच्या कॉलनीतली दोघं. होडी म्हातारी व्हायची भीती गेली, कारण सगळ्याच एका वयाच्या. दर थंडीला एखाद्या शिडाची भर पडायची, आणि दर थंडीला मी म्हणायचो, "चार बोटं." तू म्हणायचास, "नाय."

मग ते वादळी वर्ष आलं. शर्यत अर्ध्यावर असताना वाऱ्याने घाट सोडला आणि तो थेट आपल्या डोक्यावर आला. एकामागून एक बैलांनी नाकं खुपसली. मी कोलांटी खाऊन पाण्यात गेलो, चष्मा धरणाच्या तळाला गेला. तो अजून तिथे आहे. एखादा मासा नकाशे वाचत असेल. पांडू पालथा, कॉलनीवाले पालथे. एकटी तुझी होडी उभी. नाकं वर काढून पिंपाला वळसा घालून आली ती, आणि मग तू परत येऊन एकेकाला पाण्यातून वेचलंस, भिजलेलं भात वेचावं तसं. मला ओढून घेताना तू जी आरोळी ठोकलीस, ती अख्ख्या काठाने ऐकली.

"होडी तीच, वामन्या! मानूस येगळा!"

ते न्हाव्याच्या दुकानात पोचलं, पोस्टात पोचलं, माझ्या सासुरवाडीला पोचलं. त्यानंतर डोलकाठीचं काय बोलणार? तीच काठी, तीच जागा. तुझ्या हातात उभी राहते आणि माझ्या हातात कोलांटी खाते. म्हणजे खोट हातात. मी ते मानलं, युसूफ. मनापासून मानलं. रात्री बायकोला म्हटलं, आपल्याला जमत नाही, त्याला जमतं. तुझ्या डोलकाठीच्या बुडाशी तू गोणपाट गुंडाळायचास, दोर घासू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मीही माझ्या डोलकाठीला गोणपाट गुंडाळलं. म्हटलं, त्यात काही असेल.

छातीचं दुखणं घेऊन तू वखारीमागच्या खोलीत पडलास, तेव्हा करवतीचा आवाज बंद करू देत नव्हतास. म्हणायचास, तो थांबला की झोप येत नाही. मी येऊन बसलो की अवघडून हवापाण्याचं बोलायचो.

"डोलकाठीचं बोल की रं," तू म्हणालास. "तू भांडला नाय तर मला बरं वाटत नाय."

मग भांडलो. चांगले भांडलो. तुला ठसका लागला आणि वहिनींनी मला बाहेर काढलं. "भावजी, उद्या या. उद्या काय त्यो सुदारनार हाय?" मी दारातून बाहेर पडताना तू हाक मारलीस.

"शर्यतीच्या कमिटीला मोजनीदार पायजे. सगळ्या होड्या फर्म्यापरमानं हायत का ते बगाया. मी तुजं नाव दिलंय."

"मी मापवाला ना?"

"म्हनूनच दिलंय. आन् माजी होडी सगळ्यांत शेवटी मोज."

तू हसत होतास. मला वाटलं, औषधाने गुंगी येते तसं काही असेल. उद्या विचारू म्हटलं. तो उद्या आला नाही.

तर, मोजणीदार. फर्म्याला आयुष्यभर नाकं मुरडणाऱ्या माणसाच्या हातात कमिटीने फर्म्याची काठी दिली. शर्यतीच्या आधी वखारीच्या अंगणात सातही होड्या मांडल्या. पांडू आता कमिटीचा सेक्रेटरी, तो माझ्या मागे मागे. सहा होड्या मोजल्या, सहाही चोख. तुझी शेवटी. आरिफ ती चालवणार होता. तो तुझ्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं. बैलांची लांबी बरोबर. जू बरोबर. डोलकाठीच्या बुडाचं गोणपाट सोडलं आणि मोजायची काठी लावली. जमेना. काठी उलटी करून लावली. जमेना. मग हात लावला.

चार बोटं, युसूफ. मागे.

जुनी खोबण तू सागाचा तुकडा ठोकून बुजवली होतीस, घासून, वर रंग देऊन, नखही अडकू नये अशी. आणि नवी खोबण तिच्या मागे. माझी चार बोटं त्या अंतरात तंतोतंत बसली. बसणारच. माप माझ्याच नकाशावरून घेतलेलं होतं, ज्याच्यावर तू काट मारलीस त्याच्यावरून.

म्हणजे त्या वादळात! म्हणजे "मानूस येगळा"! अरे लबाडा. माझ्याच डोलकाठीवर उभा राहून तू मला माझ्याच पराभवाची आरोळी ऐकवलीस, आणि मी घरी जाऊन गोणपाट गुंडाळत बसलो.

मी तसाच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलायच्या आधी माझं तोंड बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"घावली?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यो तुकडा मीच घासलाय पॉलिश पेपरनं. तुमच्या होडीत बसून आला त्या दिसापास्नं त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी म्हनले, भावजींना सांगून टाका. तर म्हनाला, सांगितलं तर तो जिंकंल, आन् जिंकला की भांडाया यायचा नाय."

एवढं बोलून त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसल्या, मग तोच पदर डोळ्यांना लावला. मी दारात उभा राहून दोन्हींत सामील झालो.

अंगणात आलो तर सगळे तुझ्या होडीभोवती जमलेले. पांडूनेही गोणपाटाखाली वाकून बघितलं होतं. तो कचरत म्हणाला, "दादा, नियम म्हंजी नियम. फर्म्यात बसत नाय. युसूफभाईंची होडी बाद धरायची?"

आरिफने मान खाली घातली.

तुला कल्पना नाही, त्या क्षणी मी किती उंच झालो होतो. खांद्याला खांदा लावून चाललो असतो तर आरिफपेक्षा अंगुळभर वर निघालो असतो.

"ही बाद नाही," मी म्हटलं. "बाकीच्या सहा बाद."

मग तुझ्या वखारीत जी धांदल उडाली! सहा जुवांना नव्या खोबणी, सहा जुन्या खोबणी बुजवायच्या. कुणी पटाशी चालवतंय, कुणी डिंक कालवतंय, वहिनी पॉलिश पेपरचे तुकडे वाटतायत. पांडूने विचारलं, किती मागे घ्यायची? मी फूटपट्टी दिली नाही. मी माझा हात दिला. प्रत्येक जुवावर माझीच चार बोटं टेकवून खूण केली. फर्मा म्हणजे फर्मा. सातही होड्या एकसारख्या, अगदी तुझ्या म्हणण्याप्रमाणे.

आणि रविवारी वारा आला. तुझ्या वादळी वर्षासारखाच, घाट सोडून थेट डोक्यावर. काठावरची माणसं ओरडली, त्यांना मागचं आठवत होतं. सातही होड्या एकदम वाकल्या. आणि सातही होड्यांनी, युसूफ, चौदाच्या चौदा बैलांनी नाकं वर काढली! जणू कुणी एकदम सगळ्यांच्या वेसणी खेचल्या. पाण्यावरून ती ओळ धावली तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत पाणी कमी आणि शिडं जास्त दिसत होती. पांडू आरडत होता, शब्द नव्हते, नुसता आवाज. मी तो आवाज ओळखला.

मी शेवटचा आलो. सुकाणू सोडून मान वळवून वळवून बाकीच्या डोलकाठ्या बघत होतो, त्यामुळे पिंपावर आदळलो. पहिला कोण आला ते लिहीत नाही. त्याचं तुला काय नाय, असं तूच म्हणाला होतास.

संध्याकाळी तुझ्या कबरीकडे गेलो होतो. चढ एकट्याने चढलो, कुणी बाजूला व्हा म्हणालं नाही. तुला एकच विचारायचं होतं, की मला मोजणीदार नेमलंस ते हे सापडावं म्हणूनच ना? पण विचारलं नाही. तू "नाय" म्हणाला असतास आणि मला ते खरं मानावं लागलं असतं. भांडण आहे तसंच राहू दे. तुला एकट्याला तिथे करमायला काहीतरी हवं.

सुरुवातीला लिहिलंय, तू जिंकलास. ते खोडत नाही. फक्त वाचताना चार बोटं मागे सरकवून वाच.